कोऱ्या पानांचे पैसे : छायाचित्र-पुस्तकाच्या छपाईचा आणि बांधणीचा अनुभव

छायाचित्रणाच्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी मी राजापूर तालुक्यातील सड्यांचे एक छोटे पुस्तक केले. दोन उन्हाळे आणि एक पावसाळा जांभा खडकाच्या त्या पठारांवर काढलेल्या छायाचित्रांतून निवडलेली बावीस छायाचित्रे, अठ्ठेचाळीस पाने, आडवा आकार, कापडी पुठ्ठा आणि एकूण बारा प्रती, एवढाच त्याचा पसारा आहे. या पुस्तकासाठी मी तीन निरनिराळ्या सेवा पैसे मोजून वापरून पाहिल्या : एक ऑनलाइन फोटोबुक सेवा, लग्नाचे अल्बम छापणारी एक लॅब, आणि शेवटी पुण्याच्या पेठेतील एक डिजिटल प्रेस व तिच्यापासून दोन गल्ल्या सोडून असलेले बांधणीचे दुकान. तक्रारी सर्वांविषयी आहेत आणि त्यांतल्या काही माझ्या अपुऱ्या तयारीमुळेही उद्भवल्या असतील, म्हणून कोणाचेही नाव येथे दिलेले नाही. ज्या विद्यार्थ्यांना असेच साधे, मोकळे पुस्तक करायचे आहे त्यांना कोठे काय विचारावे आणि कशाची तयारी ठेवावी हे कळावे, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

सेवांकडे वळण्यापूर्वी पुस्तकाची आखणी सांगणे आवश्यक आहे, कारण माझ्या बहुतेक अडचणी त्या आखणीतूनच निर्माण झाल्या. सडा उन्हाळ्यात काळपट-तांबूस, करपलेला आणि सपाट असतो. चौकटीचा अर्धा भाग कातळ आणि अर्धा भाग आकाश, मध्ये एखादे खुरटे झाड, गडग्याचा, म्हणजे दगडी कुंपणाचा, तुकडा किंवा चिऱ्याच्या खाणीची सरळ कापलेली कड, याहून अधिक काही माझ्या छायाचित्रांत नाही. पावसाळ्यात त्याच जागी पाणी साचते, गवत येते आणि सप्टेंबरच्या सुमारास ‘सीतेची आसवे’ या रानफुलांचा निळा-जांभळा थर पसरतो. एकूण १,१४० छायाचित्रांपैकी सत्तर मी कोपऱ्यावरच्या स्टुडिओतून पोस्टकार्ड आकारात छापून आणली, वसतिगृहाच्या व्हरांड्यात फरशीवर मांडली आणि तीन रविवार त्यांतून एकेक उचलत गेले. हे काम लॅपटॉपच्या पडद्यावर होत नाही, असे माझे ठाम मत झाले आहे. पडद्यावर प्रत्येक छायाचित्र स्वतंत्रपणे चांगले दिसते, पण फरशीवर ते शेजारच्या छायाचित्राशी भांडते किंवा त्याचीच पुनरुक्ती करते, आणि ते भांडण पाहूनच निवड करता येते.

सर्वांत कठीण वगळणी कातळशिल्पांची होती. कोकणातील कातळशिल्पांचा २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत समावेश झाल्यापासून सडा म्हटले की लोकांना तीच आठवतात, आणि माझ्याकडे त्यांची चांगली छायाचित्रेही होती. परंतु एक जरी शिल्प पुस्तकात आले तरी आधीची दहा रिकामी पाने त्याची प्रस्तावना होऊन बसतात आणि नंतरची दहा त्याचे परिशिष्ट, असे फरशीवर स्पष्ट दिसले. त्यामुळे ती सर्व काढून टाकली. मिनिमलिस्ट म्हणवणाऱ्या पुस्तकांत नुसता रिकामेपणा पानामागून पान येत राहिला तर वाचक चौथ्या पानाला कंटाळतो. काहीतरी एक अचल ठेवून दुसरे काहीतरी सतत बदलत ठेवले, तरच तो पुढचे पान उलटतो. मी क्षितिजाची रेषा अचल ठेवली. प्रत्येक छायाचित्र अशा रीतीने कापले आणि बसवले की, पान उलटले तरी रेषा त्याच उंचीवर राहावी आणि फक्त तिच्या खालची जमीन आणि वरचे आभाळ बदलावे.

छायाचित्र उजव्या पानावर आणि डावे पान कोरे, ही मांडणी माझी नाही. अमेरिकन छायाचित्रकार वॉकर एव्हान्स यांच्या १९३८ च्या ‘अमेरिकन फोटोग्राफ्स’मध्ये ती आहे, आणि त्यात छायाचित्रांच्या ओळीही चित्राजवळ न देता वेगळ्या दिलेल्या आहेत. मी तोच मार्ग धरला. पहिले पान शीर्षकाचे, तिसऱ्यापासून पंचेचाळिसाव्यापर्यंत प्रत्येक विषम पानावर एक याप्रमाणे बावीस छायाचित्रे, सत्तेचाळिसाव्या पानावर गावे आणि महिने, अठ्ठेचाळिसाव्यावर श्रेयनामावली. केवळ एका ठिकाणी, चोवीस आणि पंचवीस या दोन पानांवर मिळून, पहिल्या पावसाच्या ढगाचे छायाचित्र पसरले आहे. कोरडा सडा तेथे संपतो आणि ओला सुरू होतो. ही दोन पाने निवडण्याचे दुसरेही, अगदी व्यावहारिक कारण होते, परंतु ते मला नंतर बांधणीच्या दुकानात कळले.

ऑनलाइन सेवेविषयी थोडक्यात सांगते. संकेतस्थळावर छायाचित्रे चढवायची, तयार साचा निवडायचा, पैसे भरायचे आणि घरपोच पुस्तक मिळवायचे, ही सोय खरोखरच चांगली आहे आणि सहलीच्या किंवा वाढदिवसाच्या पुस्तकाला ती पुरेशी आहे. एका नमुना प्रतीला टपालासह १,८५० रुपये पडले आणि ती नवव्या दिवशी हाती आली. साच्यामध्ये पान पूर्ण कोरे ठेवले की ‘येथे छायाचित्र टाकलेले नाही’ अशी सूचना प्रत्येक वेळी येत होती. तेवीस वेळा मी ती बंद केली. समास साच्याने ठरवलेले असल्यामुळे क्षितिज एका उंचीवर ठेवण्यासाठी प्रत्येक चित्र अंदाजाने सरकवावे लागले आणि छापून आल्यावर रेषा पानागणिक एक-दोन मिलिमीटर वरखाली झालेली दिसली. कागद चकचकीत होता, आणि शेवटच्या पानावर त्यांचे बोधचिन्ह व बारकोड होता, जो अधिक पैसे देऊनही काढता येत नाही, असे ग्राहक सेवेने कळवले. छपाई वाईट नव्हती. परंतु जेथे कोरे पान ही चूक समजली जाते, तेथे अर्धी पाने कोरी असलेले पुस्तक करण्यात अर्थ नव्हता.

लग्नाच्या अल्बमच्या लॅबमध्ये मी एका सीनिअरच्या सल्ल्याने गेले, आणि तेथील छपाईचा दर्जा या तिन्हींत निःसंशय सर्वोत्तम होता. तेथे खऱ्या फोटोपेपरवर छपाई होते, ठिपक्यांची जाळी नसते, त्यामुळे ढगाळ आभाळातील करड्या रंगाचा एकातून दुसऱ्यात मिसळत जाणारा चढउतार इतका सलग उतरतो की डिजिटल प्रेसवर तो जवळजवळ अशक्य आहे. अल्बम पूर्ण सपाट उघडतो, मधल्या घडीत काही हरवत नाही. अडचण वस्तूची आहे. दोन फोटोशीट पाठीला पाठ लावून केलेले पान पुठ्ठ्यासारखे जाड होते, माझी बावीस छायाचित्रे डाव्या कोऱ्या पानांसह बसवल्यावर तो अल्बम हातात धरून वाचण्याचा राहिला नाही, मांडीवर ठेवून पाहण्याचा झाला. त्यावर मऊ फोमचे मुखपृष्ठ. शिवाय ऑपरेटरने फाइल उघडल्याबरोबर सवयीने सर्व छायाचित्रे उजळ केली आणि त्यांत थोडा उबदार रंग चढवला, कारण त्यांच्याकडे येणाऱ्या प्रत्येक फाइलमध्ये चेहरे असतात. ‘‘मॅडम, यात माणसंच नाहीत, चुकून दुसरा फोल्डर दिला का?’’ असे त्यांनी प्रामाणिकपणे विचारले. चूक त्यांची नव्हती, पण ‘करेक्शन करू नये’ हे ऑर्डरच्या कागदावर लिहून द्यावे लागते, हे मी तेथे ३,४०० रुपयांना शिकले.

आता मुख्य भाग. डिजिटल प्रेस म्हणजे आपल्याकडे लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्डे, प्रबंध आणि संस्थांचे अहवाल छापणारे दुकान. काउंटरवर गर्दी असते, पेन ड्राइव्ह हातोहात फिरतात आणि प्रत्येकाला काम आजच हवे असते. अशा ठिकाणी पुस्तकाच्या आकाराची चर्चा करायला मी पहिल्यांदा शनिवारी संध्याकाळी गेले, ती माझी चूक होती. मंगळवारी सकाळी साडेदहाला गेले तेव्हा तेथील ऑपरेटरने वीस मिनिटे शांतपणे दिली, आणि त्या वीस मिनिटांत पुस्तकाचा खर्च निम्म्यावर आला.

तो कसा, हे सांगण्यासारखे आहे. माझा मूळ आराखडा साडेआठ इंच चौरस पानाचा होता, कारण चौरस पान पडद्यावर फार सुरेख दिसते. प्रेसवर कागद १३ × १९ इंचांचा जातो. समोरासमोरची दोन चौरस पाने मिळून १७ × ८.५ इंच होतात, म्हणजे एका शीटच्या एका बाजूला एकच जोडी बसते आणि उरलेली चार इंचांची पट्टी कापून फेकली जाते. पान ८ × ६ इंच केले की जोडी १६ × ६ इंचांची होते आणि एकावर एक अशा दोन जोड्या कापण्याच्या वाढीव कडेसह एका बाजूला बसतात. दोन्ही बाजू धरून एका शीटवर आठ पाने, आणि संपूर्ण पुस्तक सहा शीटमध्ये. चौरसासाठी बारा शीट लागली असती. त्यात ८ × ६ च्या पानावर ६ × ४ इंचांचे छायाचित्र ठेवले तर कॅमेऱ्याच्या चौकटीचे ३:२ हे प्रमाण बदलावे लागत नाही. डावी-उजवीकडे एकेक इंच, वर पाऊण इंच आणि खाली सव्वा इंच समास सोडला. खालचा समास थोडा मोठा ठेवला नाही तर चित्र पानावरून घसरल्यासारखे दिसते. या मापाचा आणखी एक परिणाम असा की छायाचित्राला १,८०० × १,२०० पिक्सेल पुरतात. तेव्हा महागडा कॅमेरा नाही म्हणून पुस्तक अडले आहे, अशी सबब यापुढे मी तरी कोणाची ऐकून घेणार नाही.

छपाईची पहिली चाचणी निराशाजनक होती. लॅपटॉपचा पडदा मी नेहमी पूर्ण प्रकाशावर ठेवते, त्यामुळे छापलेला कातळ काळा ठिक्कर आला. तांबूस जांभा विटकरी-नारिंगी झाला. पावसाळी आभाळात वरपासून खालपर्यंत करड्या रंगाचे आडवे पट्टे उमटले, आणि मेच्या दुपारचे पांढरे आभाळ तर कागदातच विरघळले, चित्र कोठे संपते आणि समास कोठे सुरू होतो ते कळेना. भरगच्च छायाचित्रात हे सर्व दोष लपून जातात. बाजारपेठेच्या चित्रात आभाळाला पट्टे पडले आहेत की नाही हे कोण पाहतो? माझ्या चित्रांत आभाळाशिवाय पाहण्यासारखे दुसरे काही नव्हते. साधे पुस्तक छापायला सोपे असते हा माझा गैरसमज त्या सकाळी गेला.

उपाय मात्र निघाले, आणि याचे श्रेय त्या ऑपरेटरला द्यायलाच हवे. टोनरची पूड कागदावर उष्णतेने वितळवून बसवणाऱ्या अशा यंत्रावर अगदी संथ चढउतारात पट्टे पडतात, हे त्यांनी मला प्रत्यक्ष दाखवले. फाइलमधील आभाळात अत्यंत बारीक दाणा, म्हणजे सूक्ष्म ठिपके, मिसळला की ते पट्टे तुटतात. छापल्यावर दाणा दिसत नाही, पट्टेही दिसत नाहीत. पांढरे आभाळ पूर्ण पांढरे न ठेवता त्यात सुमारे पाच टक्के रंग राहील असे केले, तेवढ्याने चौकटीची कड जागेवर आली आणि तिच्याभोवती रेघ मारण्याची वेळ आली नाही. जांभ्याच्या रंगासाठी पिवळा कमी करत चार वेळा चाचणीची पट्टी छापली. पडद्याचा प्रकाश एक-तृतीयांशावर आणून, छापलेली पट्टी शेजारी धरून मी फाइल पुन्हा सुधारली. अशा चाचण्यांना चौदा शीट गेली. ती फुकट मिळाली नाहीत आणि मिळावीत अशी अपेक्षाही करू नये.

कागदाचे चार नमुने पाहिले. नॅचरल शेडचा बिनलेपाचा कागद हाताला फार छान लागतो आणि कवितासंग्रहाला शोभतो, परंतु त्यावर आभाळ डागाळल्यासारखे, ढगाळ ठिपक्यांचे आले. पोत असलेल्या कागदावर तर टोनर खळग्यांत पोचतच नाही. १७० जीएसएमचा (दर चौरस मीटरला १७० ग्रॅम वजनाचा) मॅट आर्ट पेपर चांगला छापला गेला, पण घडी घातल्यावर ताठ राहतो आणि पुस्तक हातात स्वतःहून मिटते. १३० जीएसएमचा मॅट आर्ट पेपर अखेरीस निवडला. त्याची पांढराई किंचित निळसर आहे, ही माझी त्याविषयीची कायमची खंत आहे. दाट काळ्या भागांवर टोनरची थोडी चकाकीही राहते, पान तिरपे धरले तर ती दिसते. १३० मध्ये मागचे चित्र कोऱ्या पानावर अंधूक जाणवेल अशी भीती होती. प्रखर उजेडात ती किंचित खरी ठरते, रोजच्या उजेडात नाही.

अक्षरांविषयी एक इशारा द्यायला हवा. संपूर्ण पुस्तकात मजकूर जेमतेम पावणेदोनशे शब्दांचा, तरी त्याने तीन दिवस खाल्ले. मी टिरो देवनागरी मराठी हा विनामूल्य टंक वापरला, कारण त्यात ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे आहेत आणि नऊ पॉइंटच्या लहान आकारातही त्याच्या मात्रा भरून जात नाहीत. पण प्रेसमध्ये शीट जुळवण्यासाठी फाइल कोरलड्रॉ या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली गेली आणि ओळींतील जोडाक्षरे फुटली. तेथील मराठी मजकुराचे काम अजून श्री-लिपी या जुन्या टंकप्रणालीत चालते, युनिकोड फाइलची त्यांना सवय नाही. पीडीएफमध्ये टंक अंतर्भूत करून दिला आणि ‘ही फाइल उघडू नये, थेट छापावी’ असे सांगितले तेव्हा प्रश्न सुटला. दुसरे असे की अक्षरांचा काळा रंग निव्वळ काळ्या शाईचा हवा. तो चार रंगांचा मिसळून गेला की छपाईत सूक्ष्म सरक होते आणि वेलांट्यांना रंगीत पदर सुटतो.

प्रेसची खरी चूक शेवटच्या छपाईत झाली. सर्व चाचण्या अचूक मापात झाल्या होत्या. प्रत्यक्ष बारा प्रतींच्या दिवशी दुसरा ऑपरेटर होता आणि त्याने ‘पानात बसवा’ ही खूण तशीच ठेवून काम सोडले. पाने सुमारे तीन टक्क्यांनी लहान छापली गेली. इतर कोणत्याही कामात ते कोणाच्या लक्षातही आले नसते, आणि दुकानदारांचे पहिले उत्तरही ‘‘एवढ्यानं काय होतंय?’’ असेच होते. मी मोजपट्टी लावून दाखवले की समास बदलले आहेत आणि पुढच्या-मागच्या बाजूची कापण्याची खूणही जुळत नाही. थोड्या वादानंतर त्यांनी सर्व ७२ शीट पुन्हा छापून दिली आणि पैसे एकदाच घेतले. दोष मान्य करायला त्यांना पाऊण तास लागला, पण केल्यावर हात आखडला नाही, ही गोष्ट मी त्यांच्या बाजूने धरते. पुनर्छपाई मी समोर उभे राहून एकाच बैठकीत करून घेतली, कारण यंत्राचा रंग सकाळ आणि संध्याकाळ यांत बदलतो आणि बारा प्रतींत बारा रंगांचा कातळ मला नको होता.

बांधणीचे दुकान म्हणजे एक अरुंद बोळ, त्याच्या टोकाला हाताने फिरवायचा लोखंडी दाब, कापण्याचे यंत्र आणि भिंतीला टेकलेले ग्रंथालयाच्या जीर्ण पुस्तकांचे ढीग. तेथील काका सत्तरीच्या आसपासचे असावेत. मी डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना, दाखवली तेव्हा त्यांनी चित्रांकडे पाहिलेच नाही. कोऱ्या कागदाची एक पट्टी उभी आणि एक आडवी फाडली. एक सरळ फाटली, दुसरी वेडीवाकडी. ‘‘ताई, हा कागद आडवा घेतलाय. घडीवर शाई तडकेल आणि पुस्तक तोंड वासून बसेल,’’ असे म्हणून त्यांनी डमी परत केली. त्यांचे म्हणणे असे की कागदाचे तंतू पाठीच्या कण्याला समांतर हवेत. माझी घडी शीटच्या १३ इंचांच्या बाजूला समांतर पडणार होती, आणि प्रेसमध्ये पाकिटात आलेल्या १३ × १९ च्या कागदाचे तंतू १९ इंचांच्या बाजूने जाणारे होते. त्यांनीच मार्गही सांगितला : २० × ३० इंचांचा मोठा कागद, ज्याचे तंतू ३० इंचांच्या बाजूने आहेत, तो मधोमध कापून दोन तुकडे करा आणि ते १३ × १९ ला छाटा, तंतू आपोआप १३ इंचांच्या बाजूला येतात. प्रेसने तसा कागद आणून कापून दिला. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात आम्हाला रंगाच्या प्रोफाइलवर चार तासिका होत्या, कागदाच्या तंतूंवर एकही नव्हती.

बांधणीचा प्रकारही त्यांनीच ठरवला, असे म्हटले तरी चालेल. मला सेंटर पिन, म्हणजे मधल्या घडीवर पिना मारलेली बांधणी, हवी होती, कारण ती स्वस्त आणि साधी. अठ्ठेचाळीस पानांच्या बारा घड्या एकमेकींत घालून पिन मारली की आतल्या घड्या बाहेर सरकतात आणि कड छाटल्यावर मधल्या पानांचा बाहेरचा समास कमी होतो. ज्या पुस्तकात समास हेच नेपथ्य आहे त्यात हे चालणार नव्हते. परफेक्ट बाइंडिंग, म्हणजे पाठीला गोंदाने चिकटवलेली बांधणी, पूर्ण उघडत नाही आणि छायाचित्राचा घडीकडचा भाग गिळते. काकांनी जुजबंदी सुचवली : चार-चार घड्यांचे तीन जुज, म्हणजे प्रत्येकी सोळा पाने, दोऱ्याने शिवलेली, त्यावर पुठ्ठा. प्रत्येक जुजाच्या मध्यावर मात्र कागद अखंड असतो, आणि तीन जुजांचे मध्य येतात आठ-नऊ, चोवीस-पंचवीस आणि चाळीस-एकेचाळीस या पानांवर. ढगाचे जोडचित्र मी आधी बावीस-तेवीसवर ठेवले होते. तेथे ते दोन वेगळ्या कागदांवर छापले जाऊन क्षितिजाला पायरी पडली असती. एक छायाचित्र मागेपुढे करून ते चोवीस-पंचवीसवर आणले, आणि आज त्या पानावर रेषा खरोखर सलग जाते.

पुठ्ठ्याला राखाडी सुती कापड लावले, त्यावर नाव छापले नाही. नुसता क्षितिजाच्या उंचीवर बोटाच्या नखाने जाणवेल असा एक खोल चर दाबून घेतला. काका अजून खळ घरी शिजवतात आणि कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालतात. पाठीला मात्र फेव्हिकॉल, कारण नुसत्या खळीवर पाठ धरत नाही असे ते म्हणाले. जुलैचा दमटपणा असल्यामुळे पुस्तके एका रात्रीऐवजी तीन दिवस दाबाखाली ठेवली, आणि पुठ्ठे अद्याप वाकलेले नाहीत.

येथेही तक्रारी आहेत. काम सहा दिवसांत देण्याचे ठरले होते, चौदाव्या दिवशी मिळाले. शाळा सुरू झाल्यामुळे दुरुस्तीची पाठ्यपुस्तके पुढे होती, असे कारण मिळाले, आणि प्रकल्प सादर करण्याची तारीख आदल्या दिवशी उलटून गेली. मला दंडाचे गुण गमवावे लागले. दोन प्रतींच्या कापडावर बोटाएवढे खळीचे डाग आहेत. एका प्रतीला पुठ्ठा उलटा लागला, त्यामुळे चर वर येण्याऐवजी खाली आला. तिचे पैसे काकांनी स्वतःहून घेतले नाहीत. फोनवर चौकशी करून काही उपयोग होत नाही, प्रत्यक्ष जावे लागते. हिशोबाची पावती हवी असेल तर आधी सांगावे, ती नंतर मिळत नाही.

खर्चाचा आकडा असा : छपाई दोन्ही बाजूंनी ४४ रुपये शीट, म्हणजे ७२ शीटचे ३,१६८, चाचण्यांच्या चौदा शीटचे ६१६, बांधणी प्रतीला २८० प्रमाणे १२ प्रतींची ३,३६०, कारण उलट्या पुठ्ठ्याच्या प्रतीऐवजी त्यांनी राखीव पानांतून एक नवी बांधून दिली, कापड आणि अस्तराचा कागद ६००. एकूण ७,७४४ रुपये, म्हणजे प्रतीमागे सुमारे ६४५. यात निवडीसाठी काढलेली पोस्टकार्डे आणि आधीच्या दोन प्रयोगांचे पैसे नाहीत. जे कोऱ्या पानांना नावे ठेवतात त्यांनी हे लक्षात घ्यावे की छापलेल्या आणि कोऱ्या पानाचा कागद, घडी आणि शिलाई यांचा दर एकच असतो. वर्गातील एका मित्राने ‘‘अर्धी वही रिकामी ठेवून पैसे का घालवलेस?’’ असे विचारले होते. त्याचा प्रश्न हिशोबाच्या दृष्टीने रास्त आहे.

कोणाला काय सुचवावे? एक-दोनच प्रती हव्या असतील, छायाचित्रे रंगांनी भरलेली असतील आणि वेळ नसेल तर ऑनलाइन सेवा घ्यावी. तेथे माणसाशी बोलावे लागत नाही, हाही काहींना फायदाच वाटेल. ज्यांचे काम धूसर छटांवर उभे आहे आणि ज्यांना परीक्षकांसमोर एकच प्रत टेबलावर ठेवायची आहे, त्यांनी अल्बमची लॅब जरूर विचारात घ्यावी, फक्त फोमचे मुखपृष्ठ नाकारावे आणि करेक्शन बंद करून घ्यावे. दहा-पंधरा प्रती करायच्या असतील आणि आकार, समास, कागद हे सर्व आपणच ठरवायचे असेल, तर प्रेस आणि बाइंडर यांना पर्याय नाही. मात्र प्रेसकडे जाण्यापूर्वी बाइंडरकडे जावे. मी उलट क्रमाने गेले आणि त्यामुळे कागद, जोडचित्राचे पान आणि बांधणीचा प्रकार हे तिन्ही निर्णय पुन्हा करावे लागले. मार्चचे हिशोब, जूनची शाळा आणि दिवाळीपूर्वीच्या डायऱ्या हे तीन हंगाम टाळावेत. सोबत कोऱ्या कागदाची पूर्ण मापाची डमी न्यावी, तोंडी वर्णन कोणी ऐकून घेत नाही.

पुस्तक हाती येऊन पाच महिने झाले. अकरा प्रती वाटल्या गेल्या, दोन माझ्याकडे आहेत, त्यांतली एक उलट्या पुठ्ठ्याची. तीच मी लोकांना हाताळायला देते, त्यामुळे सर्वांत जास्त उघडली गेलेली प्रत तीच आहे. तिची शिवण सैल झालेली नाही, घडीवर टोनर कोठेही तडकलेला नाही, आणि चोवीस-पंचवीस पान टेबलावर उघडून सोडले तर मिटत नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्याच सड्यांवर पुन्हा जाणार आहे. काकांनी त्या वेळी शिवणच नको, पोथीसारखी सुटी आडवी पाने ठेवून वर कापडी रुमाल बांधू, असे सुचवले आहे, आणि त्यासाठी २०० जीएसएमचे दोन नमुने माझ्याकडे आणून ठेवलेले आहेत.